गिनीपिगच्या अंगावरची गाठ

कॅरीतील आपल्या काही घरांत मुलांच्या हट्टापायी गिनीपिग आले आणि घरातलेच होऊन गेले. अँडीज पर्वतातील माणसांनी हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला हा जीव साधारणतः ५ ते ८ वर्षे जगतो. उतारवयात त्याच्या अंगावर गाठ हाताला लागली, की कोणी म्हणते, ‘आता काही उरले नाही’. कोणी म्हणते, ‘आपोआप जिरेल’. तपासणीपूर्वीचे हे दोन्ही निष्कर्ष आम्हांस अमान्य आहेत.

प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पाठीवर, कमरेजवळ वाढणारी गाठ पुष्कळदा केसांच्या मुळांपासून झालेली, ट्रायकोफॉलिक्युलोमा नावाची, सौम्य असते. ती समूळ काढल्यास सहसा परत येत नाही. गळ्याखालची सूज जंतुसंसर्गाचे गळू असू शकते, तशीच लिम्फोमाचीही. स्तनांच्या गाठी नरालाही होतात आणि त्यांतील काही घातक निघतात. निव्वळ स्पर्शाने हा भेद कळत नाही. म्हणून पशुवैद्य बारीक सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. रोगाचा प्रसार क्ष-किरण व सोनोग्राफीने पाहतात. खात्रीचे निदान बायोप्सीतून होते.

कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक डॉक्टर या जिवावर उपचार करतोच असे नाही. शेजारच्या रॅलीत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकीय रुग्णालयात अशा प्राण्यांसाठी स्वतंत्र सेवा आहे. कोठेही गेलात, तरी खर्चाचा अंदाज आधी लेखी मागावा.

शस्त्रक्रियेआधी त्यास रात्रभर उपाशी ठेवू नये. आतड्यांची हालचाल थांबली, तर प्राणावर बेतते. नंतर गवत, क जीवनसत्त्व, वेदनाशामक औषध आणि गरज पडल्यास सिरिंजने पातळ आहार द्यावा. घरातले अमॉक्सिसिलिन मात्र कदापि पाजू नये. त्याने आतड्यांतील उपयुक्त जंतू मरून प्राणी दगावू शकतो.

रोग पसरलेला असेल, तर वेदना शमवीत सोबत करावी की वैद्याच्या हातून शांत मरण द्यावे? पंचशीलातील पहिले शील मानणाऱ्या घरात हा प्रश्न सोपा नाही. आम्ही एकाच उत्तराचा आग्रह धरीत नाही. मात्र त्याच्या वेदनेकडे डोळेझाक करून निर्णय लांबवणे ही करुणा नव्हे. आणि या विचारात मुलांनाही सहभागी करून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करून वहीत लिहावे आणि अंगावरून हात फिरवावा. हे काम मुलेच उत्तम करतील. लवकर सापडलेली गाठ बहुधा लहान शस्त्रक्रियेत निघते.