मुंबईबाहेरचे घर : दर पाहण्याआधी वेळापत्रक पाहा

मुंबईत स्वतःचे घर घेणे सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेर गेले, ही बातमी आता जुनी झाली. गिरगाव-परळच्या चाळी सोडून मध्यमवर्ग आधी डोंबिवलीला गेला आणि डोंबिवली महागल्यावर अंबरनाथ-बदलापूरला. पश्चिम रेल्वेवर हाच प्रवास वसई, नालासोपारा, विरार असा झाला, तर हार्बर मार्गावर तो पनवेलला पोहोचला. या साऱ्या स्थलांतरात ठिकाण निवडण्याची कसोटी मात्र बहुधा एकच राहिली : चौरस फुटाचा दर. रविवारी बिल्डरच्या गाडीतून जायचे, 'सॅम्पल फ्लॅट' पाहायचा, खिडकीतून दिसणाऱ्या डोंगरावर खूश व्हायचे आणि टोकन देऊन परतायचे. सोमवारी सकाळी सात वाजता त्याच स्थानकाच्या फलाटावर काय दृश्य असते, हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात.

वास्तविक दर कोठे व का घसरतो, याचे उत्तर पुष्कळदा रेल्वेच्या वेळापत्रकातच असते. मध्य रेल्वेची कर्जत शाखा हे त्याचे चांगले उदाहरण. सीएसएमटीपासून कल्याण ५४ किलोमीटरवर आहे, बदलापूर ६८ आणि कर्जत १००. बदलापूरपुढचे स्थानक वांगणी. अंतर जेमतेम दहा-अकरा किलोमीटरचे, परंतु बदलापूर ओलांडताच घरांचे दर एकदम उतरतात. याचे कारण असे की, काही लोकल बदलापूरहूनच सुटतात व तेथेच संपतात. वांगणी, शेलू, नेरळ येथील प्रवाशांना केवळ कर्जत आणि खोपोली लोकलचाच आधार असतो. एक गाडी चुकली, तर पुढच्या गाडीसाठी ताटकळावे लागते. रात्री उशिरा सुटणाऱ्या नोकरदाराला, विशेषतः स्त्रियांना, हा फरक रोज जाणवतो. कसारा शाखेवर टिटवाळ्याच्या पुढे आणि पश्चिम रेल्वेवर विरारच्या पुढे हीच स्थिती आहे. डहाणूपर्यंत लोकल २०१३ मध्ये सुरू झाली खरी, पण विरार आणि पालघर येथील फेऱ्यांच्या संख्येची तुलना होऊ शकत नाही.

जेथून गाडी सुटते तेथे बसायला जागा मिळण्याची शक्यता असते, हा आणखी एक हिशेब. मधल्या स्थानकांवरील अनेक प्रवासी जागेसाठी आधी उलटा प्रवास करतात, हे या मार्गावर सर्वश्रुत आहे. बदलापूरहून जलद लोकलने सीएसएमटी गाठण्यास साधारण सव्वा ते दीड तास लागतो. इतका वेळ बसून जाणे आणि दारात लोंबकळत जाणे यांत केवळ सोयीचा फरक नाही. ९ जून २०२५ रोजी दिवा-मुंब्रा दरम्यान समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारातील प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. ठाणे-दिवा दरम्यानचे पाचवे व सहावे मार्ग २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाल्यानंतरही गर्दीचा प्रश्न सुटलेला नाही, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

घर ते कार्यालय एका बाजूने दोन तास धरले, तर दिवसाचे चार तास होतात. महिन्याचे पंचवीस कामाचे दिवस म्हणजे शंभर तास. पती-पत्नी दोघेही नोकरी करत असतील, तर एका कुटुंबाचे दोनशे तास. ते पैशात मोजता येत नाहीत, असे म्हणून हा हिशेब टाळला जातो. पण काही अंशी तो मोजता येतो. साडेआठ टक्के व्याज व वीस वर्षांची मुदत धरल्यास कर्जाच्या प्रत्येक लाखामागे मासिक हप्ता सुमारे ८६८ रुपये पडतो. म्हणजे जवळच्या उपनगरातील घर दहा लाखांनी महाग असेल, तर हप्त्यात सुमारे ८,७०० रुपयांची भर पडते. याच्यासमोर दूरच्या घराचा खर्च मांडावा : लांब पल्ल्याचा पास, स्थानकापासूनची रिक्षा, संध्याकाळी आठपर्यंत मूल सांभाळणाऱ्या पाळणाघराचे शुल्क आणि पाण्याच्या टँकरपोटी सोसायटीच्या देखभाल खर्चात पडणारी भर. ही बेरीज कित्येकदा त्या हप्त्याच्या जवळ जाते. घरात आजी-आजोबा असतील आणि एकच जण मुंबईला जाणारा असेल, तर मात्र पारडे दूरच्या मोठ्या घराकडे झुकू शकते. सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर येथे संभवत नाही.

टँकरचा उल्लेख सहज केलेला नाही. शहरी भागासाठी दरडोई दररोज १३५ लिटर पाणी हे सर्वमान्य प्रमाण आहे; ते प्रत्यक्षात किती मिळते, हे माहितीपत्रकात नसते. त्यासाठी त्याच गल्लीतील पाच-सात वर्षे जुन्या इमारतीत जाऊन, तेही शक्य तर मे महिन्यात, नळाला पाणी किती वेळ येते हे गृहिणींना विचारावे. सोसायटीच्या सचिवांकडून मागील उन्हाळ्यातील टँकरची बिले पाहायला मिळाल्यास उत्तमच. शहराला पाणी कोणत्या स्रोतातून मिळते, हेही माहीत हवे. बदलापूरला ते उल्हास नदीतून मिळते व पुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. वसई-विरारची भिस्त सूर्या धरणावर आहे, तर पनवेल शहराचे जुने देहरंग धरण उन्हाळ्यात तळ गाठते.

जी नदी पाणी देते तीच पावसाळ्यात घरात शिरते, याचा अनुभव बदलापूरकरांनी २६ जुलै २००५ रोजी घेतला. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींच्या साह्याने बाहेर काढावे लागले. त्याच दिवशी पश्चिमेकडील नदीकाठच्या वस्त्यांमध्येही पाणी शिरले होते. येथे नदीची इशारा पातळी १६.५० मीटर व धोका पातळी १७.५० मीटर मानली जाते. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामास मज्जाव असतो. दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवर होते. आपला भूखंड नकाशावर नेमका कोठे येतो, हे नगरपालिकेच्या नगररचना विभागात पाहता येते. 'रिव्हर व्ह्यू'साठी जादा दर मोजण्यापूर्वी तेवढे कष्ट घ्यायला हरकत नाही.

डोंबिवलीत हाच प्रश्न नदीऐवजी औद्योगिक वसाहतीचा आहे. तेथील रासायनिक कारखान्यांत मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये झालेल्या भीषण स्फोटांचे हादरे आसपासच्या निवासी इमारतींना बसले. कारखाने व घरे यांच्यात मोकळे अंतर किती, हे पाहणे म्हणूनच गरजेचे. तळोजाकडे घर पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा धोका मात्र कागदांत दडलेला असतो. महारेरा १ मे २०१७ पासून अस्तित्वात आले आणि प्रकल्पाला नोंदणी क्रमांक आहे म्हणजे सारे ठीक, असा समज रूढ झाला. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने तो खोटा ठरवला. महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी सादर करून तेथे महारेराचे क्रमांक मिळवण्यात आले होते; २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. नालासोपारा पूर्वेला सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प व कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जागेवरील ४१ इमारतींवर २०२४ च्या अखेरीस हातोडा पडू लागला आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे बेघर झाली. त्या घरांचा दरही आकर्षकच होता.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण अवघड नाही. बांधकाम परवानगीचा क्रमांक व तारीख घेऊन स्वतः महापालिकेत किंवा नगरपालिकेत जावे आणि तो त्यांच्या दप्तरी आहे का, हे तपासावे. सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश वकिलाला दाखवावा. मागील तीस वर्षांच्या मालकीचा शोध घेण्याची प्रथा आहे. इमारत तयार असेल, तर भोगवटा प्रमाणपत्राशिवाय पुढचे बोलणे करू नये. असे प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी लागत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घरावर तो पाच टक्के असतो. मात्र मुंबई महानगर क्षेत्रात ६० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र व ४५ लाखांपर्यंत किंमत असेल, तर एकच टक्का. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम मागण्याचा अधिकार विकासकाला कायद्याने नाही, हे टोकन देताना आठवावे.

पनवेलचा विचार करणाऱ्यांसाठी चित्र थोडे निराळे आहे. अटल सेतू २०२४ च्या जानेवारीत खुला झाला, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि दरांनी त्याआधीच उचल खाल्ली होती. नोकरी बेलापूर-वाशी पट्ट्यात असेल, तर पनवेलइतके सोयीचे ठिकाण दुसरे नाही. नोकरी अंधेरीला असेल, तर सेतू आणि विमानतळ या दोहोंचाही रोजच्या प्रवासात उपयोग नाही. जाहिरातीत दाखवलेल्या नियोजित मेट्रोबाबतही असेच. कांजूरमार्ग ते बदलापूर या मेट्रो १४ चा उल्लेख माहितीपत्रकांत ठळकपणे येतो. आज जी गाडी धावते, तिच्या भरवशावरच मुलांच्या शाळेचा विचार करावा.

शाळेबाबत फी आणि माध्यम यांची चौकशी सारेच करतात. रूळ ओलांडावे लागतात का, हे सहसा विचारले जात नाही. ही सर्व गावे रेल्वेने पूर्व-पश्चिम अशी दुभंगलेली आहेत. घर एका बाजूला व शाळा दुसऱ्या बाजूला असेल, तर दहा मिनिटांच्या अंतराला स्कूल बस उड्डाणपुलावर अर्धा तास घेऊ शकते. रुग्णालयाचेही तेच. बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यासाठी मोठे सरकारी रुग्णालय उल्हासनगरला आहे. तेथे रात्री दोन वाजता कसे पोहोचणार, हा प्रश्न वृद्ध आईवडील सोबत असणाऱ्यांनी आधीच सोडवावा.

निर्णय होत नसेल, तर त्याच परिसरात अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने राहून पाहण्याचा मार्ग आहे. एप्रिलमध्ये सामान हलवले, तर मे महिन्यातील पाणी आणि जुलैमधील लोकल, दोन्हींचा अनुभव करार संपण्याआधीच येतो.