एका बटेचे महाभारत

लग्नघरी विहिणीचे पान पंगतीत भलत्या जागी मांडले गेले, तर पुढे काय रामायण घडते हे येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आज ज्या इंग्रजी काव्याविषयी बोलावयाचे, त्याचा विषय एवढाच. पानाऐवजी तेथे केसांची बट आहे.

लॉर्ड पीटर या तरुण उमरावाने आराबेला फर्मर नावाच्या तरुणीची बट तिला न विचारता कात्रीने कापून घेतली. दोन्ही घराणी बिनसली. जॉन कॅरिल या स्नेह्याने अलेक्झांडर पोपला सुचविले, की यावर काही हसरे लिही, म्हणजे मने जुळतील. १७१२ मध्ये दोन सर्गांचे काव्य प्रसिद्ध झाले. १७१४ मध्ये पोपने त्याचे पाच सर्ग केले. ‘द रेप ऑफ द लॉक’, म्हणजे बटेचे अपहरण.

कीर्तनकार वीराचे चिलखत, भाता, शंख रंगवून सांगतात. पोप त्याच थाटात नायिका बेलिंडाचा शृंगार सांगतो. पत्त्यांचा डाव हा रणसंग्राम होतो. तिच्या झग्याचा घेर राखावयास पन्नास वायुरूप अप्सरा नेमल्या जातात. शेवटच्या युद्धात शस्त्र कोणते, तर चिमूटभर तपकीर! पण खरी मेख शृंगाराच्या मेजावर आहे. तेथे पावडर आणि प्रेमपत्रे यांच्याच पसाऱ्यात बायबल पडलेले आहे. या मंडळींना लहानमोठे कळेनासे झाले आहे, हे पोप एका शब्दानेही न रागावता दाखवितो.

केशवकुमारांच्या ‘झेंडूच्या फुलां’त कवींच्या लकबींची फिरकी आहे. पोपचे तसे नाही. तो महाकाव्याला हसत नाही. महाकाव्याच्या मापाने माणसे मोजतो.

एवढ्याशा बटेवरून इतके का बिनसावे? ही घराणी कॅथलिक होती. त्या काळच्या इंग्लंडात कॅथलिकांना सरकारी अधिकारपदे नव्हती, पार्लमेंट नव्हते, विद्यापीठाची पदवी नव्हती. सोयरिकी आपसातच. अशा कोंडलेल्या वर्तुळात हाती उरतो तो मान. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमधील चहावरून असेच ग्रामण्य माजले. रानडे, टिळकांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्यात धर्माचा प्रश्न होताच, पण आपल्या चार लोकांत मान राहावा ही धडपडही थोडी नव्हती. वडवणी असो वा लंडन, वर्तुळ लहान झाले की अपमान मोठा होतो.

पोप स्वतः कॅथलिक, शरीराने खुजा, पाठीला कुबड. टोचून बोलणे म्हणजे काय, हे तो जाणत होता. म्हणूनच बेलिंडाच्या रूपावर तो लुब्धही आहे. तिची थट्टा करतो, तिला तुच्छ लेखत नाही.

मग समेट झाला का? लॉर्ड पीटरने १७१२ मध्येच दुसरीशी लग्न केले, आणि पुढच्या वर्षी तो देवीच्या रोगाने वारला. १७१४ ची आवृत्ती आराबेलालाच अर्पण केलेली आहे. पण काव्यात सर प्लूम म्हणून एक तपकीरबहाद्दर आहे. त्याला धड एक वाक्य बोलता येत नाही. सर जॉर्ज ब्राउन या गृहस्थांनी त्यात स्वतःला ओळखले, आणि ते पोपवर भयंकर संतापले.