‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो’ : कॅन्सरच्या हिशोबात हे का चालत नाही?

“मी दारू पीत नाही, फक्त बिअर घेतो.” प्रत्येक ग्रुपमध्ये असं म्हणणारा एक जण असतोच. दुसरा ‘रेड वाईन हार्टला चांगली’ असा मेसेज फॉरवर्ड करतो. तिसरा सांगतो, “कॅन्सर तंबाखूने होतो, दारूने फार तर लिव्हर जातं.”

तिघांचाही अंदाज चुकतोय. कसा, ते बघू.

कशामुळे कॅन्सर होतो, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेची आयएआरसी ही संस्था करते. या संस्थेने १९८८ मध्येच दारूला पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉसही याच गटात आहेत. याचा अर्थ तिन्हींचा धोका सारखा आहे असा नाही. पण त्यांच्यामुळे कॅन्सर होतो, याचा पुरावा मात्र पक्का आहे.

शरीरात नेमकं होतं काय?

बिअर, वाईन, व्हिस्की, देशी, सगळ्यांत नशा आणणारा पदार्थ एकच, इथेनॉल. शरीर त्याचं रूपांतर ॲसिटाल्डिहाइड नावाच्या विषारी रसायनात करतं. हे रसायन पेशींमधल्या डीएनएला इजा करतं. ही इजा नीट दुरुस्त झाली नाही, तर पेशी बेसुमार वाढू लागतात आणि गाठ तयार होऊ शकते.

हे काम फक्त लिव्हरमध्ये चालत नाही. तोंडातले जीवाणूसुद्धा दारूपासून ॲसिटाल्डिहाइड बनवतात. म्हणून यादीत लिव्हरसोबत तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि मोठं आतडं आहे. दारूमुळे इस्ट्रोजेन हे हार्मोनही वाढतं, त्यामुळे बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

बिअर ‘हलकी’ असते का?

साधा हिशोब करू. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या ६० मिलीच्या पेगमध्ये साधारण २६ मिली शुद्ध अल्कोहोल असतं. ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ते साडेबत्तीस मिली असतं. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल, तर ५२ मिली. म्हणजे एक स्ट्राँग बिअर बरोबर दोन लार्ज पेग!

मग रेड वाईनचं काय?

थोडी पिणाऱ्यांचं हृदय अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा चांगलं, असं काही जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. पण त्यातल्या अनेक अभ्यासांत ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले होते. साहजिकच तो गट जास्त आजारी दिसला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितलं की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. प्रमाण वाढलं की धोकाही वाढतो.

तंबाखू आणि दारू एकत्र असेल तर?

हा आपल्याकडचा सगळ्यात गंभीर भाग. दारूमुळे तंबाखूतली घातक रसायनं तोंडाच्या आणि घशाच्या आतल्या त्वचेत सहज शिरतात. त्यामुळे दोन्ही व्यसनं असतील, तर तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. दारूसोबत सिगारेट किंवा गुटखा घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडच्या बाटलीवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि पिऊन गाडी न चालवण्याचा इशारा असतो. कॅन्सर हा शब्द त्यात नाही. त्यामुळे ही गोष्ट अनेकांपर्यंत पोहोचतच नाही.

आता सोडून काही फायदा आहे का?

आहे. दारू कमी केली किंवा सोडली, तर तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कमी होतो, असा निष्कर्ष आयएआरसीने २०२३ मध्ये मांडला. मात्र, रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली, तर हातपाय थरथरणं, भास होणं, फिट येणं असे त्रास होऊ शकतात. त्यामुळे ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच सोडावी. व्यसनमुक्तीसाठी सरकारची १४४४६ ही मोफत हेल्पलाइनही आहे.

आणि तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवाच. तुम्ही ‘फक्त बिअर’ घेत असाल, तरीही.