व्यायच्या सुमारास गाय दुबळी का पडते?

हैदराबादच्या विद्यानगरात गवळ्याकडून चीक आला की मराठी घरात खरवस होतो आणि शेजारच्या तेलुगू घरात जुन्नू. वासराला पाजून उरला असेल तरच तो घ्यावा, कारण जन्मानंतर साधारण २४ तासांनी वासराचं आतडं त्यातली प्रतिपिंडं शोषेनासं होतं. गाईच्या वारेतून ती पोटातल्या वासराला मिळत नाहीत, सगळी भिस्त चिकावर. म्हणून विण्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत गाय आपल्या रक्तातली प्रतिपिंडं कासेत भरते. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं हे काम करवून घेतात. तिच्या स्वतःच्या रक्तात मात्र ती घटतात.

त्याच सुमारास पांढऱ्या पेशीही ढिल्या पडतात. गाभणपणात प्रोजेस्टेरॉन चढं असतं. निम्मा वळूचा असलेला गर्भ आईचं शरीर परका म्हणून झिडकारत का नाही, हे कोडं पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडलं. गर्भाशयातला बंदोबस्त सैल ठेवणारं प्रोजेस्टेरॉन हा त्याच्या उत्तराचा एक भाग. वितेवेळी ते कोसळतं. इस्ट्रोजेन आणि कॉर्टिसॉल उसळतात. जंतू गिळणारी न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी एल-सिलेक्टिन या रेणूच्या आकड्याने रक्तवाहिनीची भिंत पकडते आणि मग बाहेर पडते. कॉर्टिसॉलमुळे हे आकडे गळतात. गंमत म्हणजे रक्त तपासलं तर पेशी वाढलेल्या दिसतात. दिसणारच! त्या रक्तातच फिरत राहतात, कासेत पोचत नाहीत. कासदाहाचं फावतं ते इथे.

वार न पडण्याचं मूळही बरंचसं इथेच आहे. वार सुटायची तर आता ती परकी झाली, हे आईच्या पेशींना कळावं लागतं. किमुरा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये अमेरिकेत दाखवलं, की ज्या गाईंची वार अडकली त्यांच्या न्यूट्रोफिलचा जोर विण्याआधीपासूनच कमी होता. अशा गाईची वार हात घालून ओढणं म्हणजे हतबल गर्भाशयाला वर जखमा करणं. ही पद्धत बंद व्हायला हवी.

हैदराबादच्याच गच्चीबावलीत जनावरांच्या आजारांवर काम करणारी राष्ट्रीय पशु जैवतंत्रज्ञान संस्था आहे. पण व्यायच्या रात्री गाईच्या कामी येतो तो गोठाच. विण्याआधी तीन आठवडे आणि नंतर तीन आठवडे तिला कोरडी जागा द्या, ताणाने कॉर्टिसॉल वाढू नये म्हणून बाजार आणि वाहतूक टाळा. वार बारा तासांत पडली नाही किंवा सड गरम लागला, तर पशुवैद्यांना त्याच दिवशी बोलवा.