नापास गाडीची शाळा

‘‘ताई, गाडी नापास झाली तुमची!’’ पीयूसीवाला मुलगा म्हणाला आणि मला उगाच दहावीचा निकाल आठवला. गाडी २०१२ ची, पेट्रोलची. धूर तर कधी डोळ्यांना दिसला नाही. पण चिठ्ठीवर कार्बन मोनॉक्साइड १.८ टक्के! आमच्या गाडीला मर्यादा ०.५ ची.

‘‘शंभर जास्तीचे द्या, करतो पास,’’ तो हळूच म्हणाला. पीयूसी नसेल तर दंड १० हजारांपर्यंत. हे बदलीच्या गावी. हात पर्सकडे गेलाही. मग एकदम आठवलं, रोज सकाळी गॅरेजचं शटर अर्धं उघडून मी गाडी सुरू ठेवते आणि तिथेच लेकीची वेणी घालते. पलीकडच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या. या वायूला ना रंग, ना वास. कागद पास झाला तरी वायू थोडाच कमी होणार? पोटात गोळाच आला.

तडक मेकॅनिककडे गेले. त्याने चिठ्ठी वाचली. ‘‘वहिनी, हायड्रोकार्बन मर्यादेत आहे, म्हणजे प्लग ठीक असणार. पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय.’’ चुलीत लाकडं कोंबली की होतं तसंच की हे! एअर फिल्टर धुळीने भरलेला निघाला. बदलला. तरीही नापासच!

मग त्याने विचारलं, ‘‘टेम्परेचरचा काटा कुठवर चढतो?’’

‘‘तळाशीच असतो. मला वाटलं, गाडी शांत स्वभावाची!’’

तो हसला. वर्षापूर्वी गाडी तापली होती, तेव्हा दुसऱ्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅटच काढून टाकला होता. त्यामुळे इंजिन पुरेसं गरमच होईना. गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटायचं, अजून थंडच आहे, सोडा जादा पेट्रोल! अ‍ॅव्हरेज घसरलं म्हणून मी मात्र पेट्रोलपंपाला बोल लावत होते.

नवा थर्मोस्टॅट बसवला, अर्धा तास गाडी फिरवली आणि गरम इंजिनानेच चाचणी दिली. ०.२! पास!

मैत्रिणींनो, नापासाची चिठ्ठी फाडू नका, वाचा. कोणता आकडा वाढलाय ते विचारा. दुखणं तिथेच सापडतं. आणि बंद जागेत गाडी सुरू ठेवू नका, पास झालेलीसुद्धा! आमच्याकडे हल्ली वेणी घरातच घातली जाते.