तोरणमाळचा धबधबा आणि डाबचे दहिवर

नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळचे पठार सातपुड्यात सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात यशवंत तलाव भरून वाहतो आणि ते पाणी सीताखाईच्या दरीत कोसळते.

हिवाळ्यातले नवल मात्र अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात. कडाक्याच्या थंडीत तिथे गवतावर, गाड्यांच्या टपांवर पांढरा थर दिसतो. हा बर्फवर्षाव नव्हे, हे गोठलेले दहिवर.

आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची उष्णता रात्रभर निसटत राहते. थंड, जड हवा खोलगट भागात साचते. हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असतानाही गवताची पाती गोठणबिंदूखाली जातात.

ऊन चढताच थर वितळतो, म्हणून पाहणाऱ्यांनी सूर्योदयापूर्वीच पोहोचावे.