न ऐकू आलेले पंख

रात्री डोक्यावरून घुबड उडत गेले तर तुम्हाला चाहूल लागेल का? एरिक हॉस्किंग (१९०९–१९९१) यांना ती लागली नाही. हे इंग्रज गृहस्थ नोकरी न करता पक्ष्यांच्या छायाचित्रांवरच पोट भरत. १९३७ साली वेल्समध्ये ते अंधारात घरट्याजवळच्या लपणावर चढत होते. पिलांच्या रक्षणासाठी घुबड झेपावले. नख्यांच्या घावाने त्यांचा डावा डोळा कायमचा गेला.

आवाज का आला नाही? घुबडाच्या पंखाची पुढची कड फणीसारखी, तर मागची झालरीसारखी असते. त्यामुळे हवेतील मोठे भोवरे मोडतात. पिसांवरची मखमली लव घर्षणाचा आवाज कमी करते.

हॉस्किंग यांनी कॅमेरा सोडला नाही. पुढे स्पेन, जॉर्डन येथील मोहिमांतही ते गेले. उडते पक्षी टिपण्यासाठी त्यांनी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश वापरला. गणित करून पाहा : सेकंदाला १० मीटर वेगाने उडणारा पक्षी १/१०० सेकंदात १० सेंटिमीटर सरकतो, चित्र पुसट येते. १/५००० सेकंद टिकणाऱ्या झोतात तो सरकतो फक्त २ मिलिमीटर! कानाला न सापडलेला पंख प्रकाशाला सापडतो तो असा.

तुम्ही मात्र पिले असलेल्या घरट्याजवळ जाऊ नका. दुरून दुर्बीण पुरे.